वायरींची पेटी

८ सप्टेंबर

उलटं झालं! आप्पांनी नव्या पेटीच्या पॅडवर बोट दाबलं की व्होल्टेज वाढून सूर वर चढायला हवा, तर तो खाली घसरला. व्होल्टेज मिसळणारा मिक्सरचा आयसी तो उलटा करून देतो, हे पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये मी पोरांना दरवर्षी बजावते — आणि आप्पांसाठी बनवलेल्या सिंथेसायझरमध्ये स्वतःच विसरले. आप्पा हसले. पलंगावर पडल्या पडल्या, बऱ्याच दिवसांनी. "उलट्या काळजाची पेटी केलीस की गं निशे."

उद्या आणखी एक आयसी टाकून सरळ करायचं.

१० सप्टेंबर

सरळ झालं. दाबलं — वर. सोडलं — खाली. आई म्हणाली, "भोंग्यागत वाजतंय." खरंच तसंच वाजतं.

गायन पार्टीत आप्पांची हार्मोनियम म्हणजे शेवटचा शब्द. एप्रिलमध्ये तर ते घरी सापडायचेच नाहीत, आज या गावची जयंती, उद्या त्या गावची. आता बोटांना पट्टी दबत नाही. नसांचा आजार, मागं फिरत नाही, असं डॉक्टरांनी दारातच सांगितलं. माझ्या पॅडला पट्टीइतका जोर लागत नाही, नुसता भार पुरतो. म्हणून हा सगळा खटाटोप.

१५ सप्टेंबर

आप्पांची तक्रार: "सूर मेल्यागत सरळ हाय. ह्याला भाता न्हाय." बरोबर आहे. एक संथ हेलकावणारा व्होल्टेज तयार केला आणि बोटाच्या व्होल्टेजमध्ये मिसळला. आता सूर श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. आप्पांनी डोळे मिटून ऐकला, मान डोलावली.

गंमत अशी, की एकदा मिसळल्यावर त्यातला हात कुठला आणि मशीन कुठलं, हे कानाला कळत नाही.

४ ऑक्टोबर

आज सूर चढलाच नाही. आप्पा पुन्हा पुन्हा दाबत होते. पॅड तपासलं, वायर तपासली, मीटर लावून बघितला. सगळं ठीक आहे. हात कमी झालाय.

"आज पेटी रुसली व्हय?"

मी हो म्हटलं.

५ ऑक्टोबर

दुपारी आप्पांचा डोळा लागला तेव्हा ऑफसेटचा नॉब थोडा उजवीकडे फिरवला. ऑफसेट म्हणजे कुणी हात लावायच्या आधीच आत भरून ठेवलेला व्होल्टेज. हाताकडून जेवढा कमी येतो तेवढा आपण घालायचा, बेरीज तीच. फक्त त्यांनी पॅडवर हात ठेवल्याशिवाय आवाज सुरू करायचा नाही, नाहीतर सूर हाताविनाच वर चढलेला ऐकू येईल.

संध्याकाळी म्हटलं, "दुरुस्त झाली, आप्पा." वाजवली. खूश झाले.

बापाला फसवते आहे. फार वाईट वाटतंय. पण नॉब मागे फिरवणार नाही.

२ नोव्हेंबर

पुन्हा फिरवला.

१४ नोव्हेंबर

पुन्हा. आईने बघितलं. "काय पिळतीस गं सारखं?" काही नाही, म्हटलं.

२६ नोव्हेंबर

उसाचा कारखाना सुरू झाला. आमच्या सगळ्या बावड्यात मळीचा वास, आणि खिडकीतून काजळी. आई सकाळ-संध्याकाळ खोली पुसत बसते, पेटीसुद्धा सोडत नाही. आप्पांना खोकला. बोलणं जड झालंय, एकेक शब्द ओढून आणतात.

२९ नोव्हेंबर

आज हात चांगला होता! सूर दोनदा नीट चढला, मी नॉबला बोटही लावलं नव्हतं. "आज जोर आहे हाताला, आप्पा." ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "व्हय."

डॉक्टर काहीही म्हणोत. माणसाचं शरीर आहे, कुणी सांगावं.

६ डिसेंबर

पार्टीतले धम्मपालकाका आले, ढोलकीवालेही आले. विहारातलं अभिवादन उरकून थेट आमच्याकडे. काका पलंगाशी बसून गायले आणि आप्पांनी सूर धरला. पूर्ण गाणंभर. हात पॅडवर तसाच, डोळे मिटलेले. काकांचा आवाज मध्येच फुटला. "बाळासो, हात अजून गेला न्हाय गड्या तुझा."

मी रडले. आई मात्र मध्येच उठून स्वयंपाकघरात गेली, ती गाणं संपेपर्यंत आलीच नाही.

१७ जानेवारी

आप्पा गेले.

१ फेब्रुवारी

पेटी आवरायला भिंतीपासून ओढली. मागे पॅडवरून हाताचा व्होल्टेज पेटीत नेणारी पिन मोकळी लोंबत होती. टोकावर काजळीचा थर. आईला विचारलं.

"कारखाना चालू झाला न्हवं, तवाच पुसताना निघाली. तुला हाक मारणार हुते, तर ह्यांनी मान हलवून न्हाय म्हटलं. म्हणाले, 'ऱ्हाऊ दे. पोरीला माझा हात ऐकू येतोय.'"