परभणीच्या सत्काराआधी

मानवत,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६७

चि. सुमंगला हिला नर्मदाबाईचे अनेक आशीर्वाद.

गुडघे सोडले तर मी बरी आहे. कापसाच्या गाड्या सुरू झाल्यात, घरभर धूळ येते. अक्षर वाकडं आलं तर तक्रार करू नकोस, मला लिहायला शिकवणारी तूच.

तुझा नवा बोलपट पाहिला बरं का! परभणीला तंबूत लागला होता. शेजारच्या कस्तुराबाईला घेऊन गेले. आलवण नेसलेली बोडकी म्हातारी सिनेमाला आलेली पाहून बायकांच्या आडपडद्यामागे बसलेल्या बायका कुजबुजल्या. मी सरळ पुढे जाऊन बसले. तू घोड्यावर मांड ठोकून आलीस आणि मला हसू आवरेना. आपल्या म्हशीला भिऊन गोठ्यात न जाणारी तू! पण पुढे बापासमोर उभी राहून बोललीस, तेव्हा कस्तुराबाईनं माझा हात घट्ट धरला. "आगं बया, ही तर खरंच बोलायलीय की!" म्हणाली.

मला तुझं सगळं पाठ आहे. पुण्याला भावाकडे गेलीस आणि एका तेलवाल्यानं बाटलीवर तुझं चित्र छापलं. नुसती पाठमोरी बाई, गुडघ्यापर्यंत केस. इथल्या दुकानात ती बाटली आली तेव्हा मी लगेच ओळखलं. दोन वर्षं त्याच केसांची वेणी घातली होती मी. मग साबणाच्या जाहिरातीत तुझा चेहरा दिसला. मग बोलपट. पहिली चार वर्षं तुझं काम काय, तर पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि आत जायचं. पण एकाही पत्रात रडगाणं गायलं नाहीस. मला तुझा फार अभिमान वाटतो, हे आज स्पष्टच लिहिते.

आता पौषात परभणीच्या वाचनालयात तुझा सत्कार. तिथे मिळणारी शाल तू सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर घालणार म्हणतेस. मासिकातल्या मुलाखतीतही सांगितलंस, की नवरा गेल्यावर केशवपनाला न्हावी दारात आला होता, सासूबाईंनी त्याला परत पाठवलं, त्या नसत्या तर मी इथवर आले नसते. ते वाचल्यापासून गावातले लोक मला वाकून नमस्कार करतात.

सुमंगला, मी त्याला परत पाठवलं नाही. मीच बोलावलं होतं.

तू माजघरात होतीस. लिंबाजी न्हावी ओसरीवर आला, त्यानं दारातून तुला पाहिलं आणि हत्यारांची धोकटी उघडलीच नाही. "आई, माज्यानं हे व्हायचं न्हाई. माजी लेक एवढीच हाय." मी त्याला नाही नाही ते बोलले. दुसरा न्हावी आणीन म्हटलं. "बोलवा. मी समद्यांला सांगून ठिवतो, कुनी येनार न्हाई," म्हणाला आणि गेला. मी रागानं दार आपटलं. तो आवाज ऐकून तू बाहेर आलीस आणि मीच त्याला हाकललं असं समजून माझ्या पायांना मिठी मारलीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू मला पहिल्यांदा 'आई' म्हणालीस, आणि मला ते सोडवेना.

लोक काय म्हणतील म्हणून बोलावलं, असं मी बारा वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं. माझे केस गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, तुझा नवरा, माझा अनंता, तेव्हा रांगत होता. तुझे केस पाहिले की मी जळायचे. हेवा होता तो, दुसरं काही नाही. तुझी वेणी घालता घालता पुढे तो कधी गेला ते कळलं नाही.

लिंबाजी अजून आहे. हात कापतात म्हणून त्यानं काम सोडलंय. ती शाल त्याची आहे. भर सभेत नाव घेऊन त्याच्या खांद्यावर घाल. तो लाजेल, नको म्हणेल, ऐकू नकोस. काहीजण नाकं मुरडतील, मुरडू देत. त्याला मी गाडीत घालून आणते.

हे वाचून तुला राग येईल, यायलाच हवा. मी बायकांत मागे बसेन. पुढे बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी टाळ्या वाजवीन.

अनंताची आई,
नर्मदाबाई