नऊ डब्यांवरची सही

प्रिय दादा,

वहिनी फोनवर सांगत होती, तू हल्ली तळ्याच्या रस्त्याने जातही नाहीस, बाजाराला मागच्या गल्लीने वळसा घालून जातोस. कारखान्याच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकची नोंद मात्र अगदी व्यवस्थित ठेवतोस म्हणे. ऐकून हसू आलं. मासेमारीच्या परवान्याचा फॉर्म तू जन्मात कधी धड भरला नाहीस. आप्पांची नाव चालवायला अक्षर कशाला लागतं, म्हणायचास.

चार वर्षं झाली. भरलेली बादली घेऊन तू थेट मत्स्य कार्यालयात, माझ्या टेबलाशी आलास. आत बोटभर लांबीचे दोन पट्टेरी मासे, जिवंत. धाकटे, हे परके मासे आपल्या तळ्यात शिरलेत, आपल्या रुपेरी मासळीची अंडी खाऊन टाकतील, काहीतरी कर, असं धापा टाकत सांगत होतास. शेजारी मोठे साहेब उभे होते. पट्टेरी सापडला तर तिथेच मारायचा आणि मग कळवायचं, जिवंत बाळगणं हा गुन्हा, हा नियम मीच धक्क्यावर उभी राहून तुम्हा सगळ्यांना वाचून दाखवला होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पंचनामा लिहायला घेतला. आमिषाच्या बादलीतून हे मासे तळ्यात तूच आणले असावेस, असंही मीच लिहिलं. तुझा परवाना गेला. सख्ख्या भावालाही सोडलं नाही, म्हणून ऑफिसात माझं कौतुक झालं. खरं सांगते, तेव्हा मला ते आवडलं होतं.

मागच्या वर्षी पाहणीच्या जाळ्यात एक दांडगा पट्टेरी आला. माशाच्या खवल्यावर वर्षाला एक वर्तुळ पडतं, भिंगाखाली मोजता येतं. मी मोजली. सहा भरली. पुन्हा मोजली, तरी सहाच. म्हणजे तो तुझ्या बादलीच्या तीन वर्षं आधीचा. तो जन्मला त्याच वर्षी आपण तळ्यात रुपेरीची पिल्लं सोडली होती, आठवतं? टेम्पोतून नऊ डबे आले होते. प्रत्येक डब्यातली पिल्लं पांढऱ्या ताटात ओतून, त्यात परका मासा नाही ना, हे पाहायचं असतं. थंडीने माझी बोटं वळत नव्हती, ड्रायव्हर घाई करत होता. मी दोनच डबे पाहिले आणि नऊंवर सही केली. बाकीचे बघायचे नाहीत का, असं तू विचारलंसही. मला माझं काम शिकवू नकोस, म्हणाले. मग तूच ते डबे आप्पांच्या नावेत चढवलेस आणि तळ्याच्या मधोमध नेऊन ओतलेस.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर पंचनामाही चोरानेच लिहिला. आणि हे कळल्यावरही मी वर्षभर मिठाची गुळणी धरून बसले. बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता, दुसरं कारण नाही. दर रविवारी वहिनीला फोन करून तुझी खुशाली विचारत होते, आणि तू फोनवर का येत नाहीस, म्हणून वर रागावतही होते.

आज सकाळी मी लेखी जबाब दिला. खवल्यांची नोंद जोडली, सहीचा कागद जोडला. माझं काय करायचं ते ऑफिस ठरवेल. तुझ्यावरचा ठपका पुसला जाईल आणि महिन्याभरात परवाना परत येईल, असं साहेब म्हणाले. ऑफिसचं पाकीट हातात पडण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते आहे. अजून एक गोष्टही माझ्याकडूनच कळलेली बरी. तुझा परवाना फक्त रुपेरीचा आहे. यंदा आम्ही तळ्यात बारा ठिकाणी जाळी लावली, आठ दिवस ठेवली. रुपेरी एकही आली नाही, दादा.

तुझीच,
धाकटी