माय, फळी वर चढली नव्हती

माय, आज माझ्यावर भयंकर अन्याय झालाय, आणि त्याची दाद कुठं मागावी ते कळत नाही. अंबाजोगाईला हाडांची घनता मोजायला गेले होते. मशीनवर निजायच्या आधी तिथल्या पोरीनं माझ्या सगळ्या सेफ्टी पिना काढायला लावल्या. पदराच्या, निऱ्यांच्या, आणि बांगडीत अडकवलेला झुपकाही, अगदी तू अडकवायचीस तसा. "दुकान हाय का काय, मावशी?" म्हणते. मावशी म्हटलेलं एक वेळ सोडून देईन. पण पिनांशिवाय साडी सावरत चार पावलं टाकणं म्हणजे काय, हे त्या सलवारवालीला काय कळणार?

मग तिनं मला भिंतीला टेकवून उंची मोजली. मी पाच फूट दोन इंच सांगितली होती. "पाच फूट अर्धा इंचच भरतीय." मी म्हटलं, "तुमची पट्टी चुकलीय." ती हसली. "समद्या मावश्या आसंच म्हणत्यात." आणि भिंतीला पाठ लावून उभी असतानाच मला तुझी फळी आठवली.

तू माझ्याकडं राहायला आल्यावर दोन-तीन वर्षांनी ते सुरू झालं. चहासाखरेच्या डब्यांकडं हात उंचावून तू विचारतेस, "फळी कुणी वर चढविली गं?" मी सांगते, फळ्या चढत नसतात. लुगडं जमिनीवर लोळायला लागलं तेव्हा तू दुकानदाराला लबाड ठरवलंस. मी नुकतीच विनोदी लिहायला लागले होते, मला घरबसल्या विषय मिळाला. चढत्या फळीवरचा लेख दिवाळी अंकात छापून आला. शेजारणीनं तो तुला वाचून दाखवला, तेव्हा तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "चांगलं लिवलंस. लोकं लई हसले. फळी मातर तिथंच हाय."

सुताराला बोलावते म्हणाले आणि पुढच्या लेखाला बसले. त्याच थंडीत तू उपड्या बादलीवर चढलीस आणि पडलीस. खुबा मोडला होता, चहाचा डबा तेवढा हातात शाबूत. पडली म्हणून हाड मोडलं, असं आम्ही भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. चार महिन्यांनी तू गेलीस, तेव्हाही तेच सांगितलं.

आज तुझ्या खुब्याचं सांगितलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाड पडायच्या आधीपासूनच विरळ होत असतं. मणके दबतात, माणूस बुटकं होत जातं, आणि दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. माझीही हाडं विरळ व्हायला लागलीत, पण वेळेत सापडली. गोळ्या, ऊन, रोजचं चालणं, एवढ्यावर निभावेल. मग त्यांनी विचारलं, "आईंची उंची कमी होतीय, हे कधी कुणाच्या लक्षात आलं होतं का?"

"तीच सांगायची," मी म्हटलं. "रोज."

हे पत्र कुठं पाठवणार? घडी घालून चहाच्या डब्याखाली ठेवते. एक मात्र कबूल करते. गेलं वर्षभर मी नवऱ्यावर खेकसतेय, की तुम्ही डबे मागं ढकलता. ते बिचारे डब्याला हातसुद्धा लावत नाहीत.

येताना सुताराला सोबतच घेऊन आले. "किती खाली घ्यायची, बाई?" त्यानं विचारलं.

"आईचा हात पुरंल इतकी."

त्यानं घरात इकडंतिकडं बघितलं. मी माझा हात वर केला, मग थोडा खाली आणून भिंतीवर जागा दाखवली.