होमातली सरकारी काठी

रत्नागिरी,
२ एप्रिल १९३०

प्रिय काशा,

वैशाखात आमच्या हौसाशी तुझं लग्न लागलं की तुला भावोजी म्हणावं लागेल, म्हणून आत्ताच पोटभर काशा म्हणून घेतो. इकडे तुमची म्हैस व्याली. रेडा झाला. तुझी आई शेजारणींना सांगत सुटलीय, तोंड थेट ह्या तुझ्या धाकूसारखं आहे म्हणून.

शिमग्याची रजा संपवून तू आगबोटीत चढलास नि दुसऱ्याच दिवशी फौजदार आमच्या दारात. आता होमासाठी लाकडं चोरणं हा काय गुन्हा आहे, मेल्या? मालकाने शिव्या घालाव्या, आपण बोंब मारावी, झालं. गेल्या साली सखारामनानांच्या आगराचं बेडं, अख्खं फाटकच, उचललं, तर ते स्वतः येऊन होमाला नारळ देऊन गेले. मला वाटलं, सरकारही तसंच करील.

बंदरावरच्या चौकीमागे रंगवायला उतरवलेली ती सागाची काठी! भर दुपारी शिपाई घोरत होता, नि आपण दोघांनी खांद्यावर घातली. टोकाला गोणपाटात काय गुंडाळलंय, कोणी बघितलं? होमात गोणपाट जळलं नि आतून साहेबाचा झेंडा निघाला. सगळ्यांची बोंब घशातच राहिली. मी एकटाच नाचलो.

फौजदार म्हणाला, नुसती काठी चोरली असतीस तर फटक्यांवर सुटला असतास. चोरी करून वर झेंडा जाळलास, आता दीड वर्ष खडी फोड. मी म्हटलं, साहेब, झेंडा काठीबरोबर फुकट आला. कानाखाली बसली. तिकडे गुजरातेत माणसं मिठासाठी चालत निघालीत, त्यामुळे या लोकांना आता शिमगासुद्धा बंड वाटतो. दोघे खादीवाले कोठडीशी येऊन मला शूर म्हणून गेले. ते गेल्यावर मी रडलो.

अकरा दिवस रोज एकच प्रश्न, दुसरा कोण होता? मी रोज नवीन नाव सांगायचो. एकदा मारुतीचं सांगितलं, म्हटलं त्याला जाळायचा जुना अनुभव आहे. शिपाईसुद्धा हसले. बाराव्या दिवशी फौजदाराने माझ्या बापाला, आबांना, आणून समोर उभं केलं. आबा टोपी काढून त्याच्या पाया पडले. मग फौजदाराने कागद पुढे सरकवला. जाळणाऱ्याचं नाव दे, तुझी नुसती चोरी.

काशा, मी हे घरच्या पडवीत बसून लिहितोय. परवा सुटलो. झेंडा ओढून काढायला तू होमात हात घातलास, तळवा भाजून घेतलास. मी सांगितलं, ज्याचा हात भाजलाय त्यानेच जाळला. तुझं नाव, गोदीतली नोकरी, खोलीचा पत्ता, सगळं दिलं. हौसाला अजून माहीत नाही. खरं सांगायला दोनदा चौकीच्या वळणापर्यंत गेलो, दोनदा परत आलो. वॉरंट शुक्रवारच्या बोटीने निघतंय, पत्र उद्याच्या टपालाने. आधी मिळालं तर खोली सोड. पळायचं नसेल तर हे कोर्टात दाखव. काठी होमात मी टाकली, एकट्याने. खाली पूर्ण नाव घातलंय, म्हणजे मला नाही म्हणता येणार नाही.

तुझाच म्हणायला तोंड नाही,
धाकू भिकाजी शिवलकर