नवाच्या आत फडकं

२ मे १९९४, सोमवार

आले एकदाची पोसो सेकोला! आल्बुकर्कीहून निघताना गाडीत इतकं सामान कोंबलं होतं की आरशातून मागचा रस्ता दिसत नव्हता. बरंच झालं. मागचं काही बघायचं नव्हतं मला.

नोकरीसाठी तीन गावं पाहिली होती. ‘नर्स पाहिजे, राहायला घर देऊ’ अशा तिन्ही जाहिराती दोन महिने फ्रीजवर चिकटवलेल्या होत्या. पहिल्या गावात गोल्फ खेळायला आलेले पैसेवाले म्हातारे. त्यांना माझं काय अडलंय? दुसऱ्या गावात दिवसभर वाळू उडते, जेवताना दातांखाली कचकच. मार्चमध्ये इथे आले तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि कितीतरी घरांच्या ओसरीच्या खांबावर लाल फडकं बांधलेलं होतं. मला वाटलं, कसला तरी सण असावा. दुकानदार हसायला लागला. म्हणाला, सण कसला बाई, इथे जो एकटा राहतो तो सकाळी नवाच्या आत फडकं बांधतो, म्हणजे शेजाऱ्याला कळतं की गडी अजून गचकलेला नाही.

मी तिथेच ठरवलं. जोलीनला, माझ्या मुलीला, सांगितलं की इथला पगार बरा आहे. खरं कारण वेगळं होतं. फिडेल, माझा नवरा, गेला त्या हिवाळ्यात मी तापाने चार दिवस पडून होते. उठून पाणी घ्यायचंही त्राण नव्हतं. भिंतीपलीकडे टीव्ही चालू, जिन्यात माणसं हसतायत, आणि माझ्या दारावर चार दिवसांत कोणी टकटक केली नाही. मेले असते तर वासावरून कळलं असतं. मरायला मी घाबरत नाही, तीस वर्षं मरणं बघतेय. पण तसं मरण नको.

इथे रोज सकाळी कोणीतरी माझ्या घराकडे बघणार आहे. एवढं मला पुरे.

४ मे, बुधवार

दवाखाना दोन खोल्यांचा, आठवड्यातून मंगळवार ते गुरुवार उघडा. डॉक्टर महिन्यातून दोनदा येणार. घर मात्र छान आहे. पुढची खोली, तिच्यामागे झोपायची खोली, बाजूला स्वयंपाकघर. फोनची तार अजून इथवर आलेली नाही. जोलीनला दवाखान्यातून फोन करायचा.

माझ्या घरावर नजर ठेवणार तीया क्लेओफास. वय शहात्तर, कानाने जरा कमी, जीभ मात्र धारदार. गावभर सगळे त्यांना तीया, म्हणजे मावशी, म्हणतात म्हणून मीही; काकाला तीयो. मी चोपन्न वर्षांची घोडी, पण त्या मला पोरी म्हणतात. स्वागताला हिरव्या मिरचीचं कालवण आणि तॉर्तिया घेऊन आल्या आणि नियम समजावले. फडकं उजाडल्यावर बांधायचं, अंधार पडायच्या आत सोडायचं. नऊ वाजले आणि फडकं नाही, तर दार न वाजवता आत शिरायचं, हातात पाण्याचा जग घेऊन. फडकं दिसलं तर? मी विचारलं. तर काय पोरी, दोनदा भोंगा वाजवायचा नि आपल्या कामाला लागायचं, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही. माणूस बरा आहे, त्याला सुखाने राहू दे.

आणि मी नजर ठेवायची तीयो एलिसेओवर. त्यांचं घर दवाखान्याच्या वाटेवर आहे; दवाखाना बंद असेल त्या दिवशीही तिथवर फेरी मारायची. तांब्याच्या खाणीत उजवा हात गेला, म्हणून गाठ मारता येत नाही. फडक्याच्या मधोमध रुपयाएवढं भोक पाडून त्याला लोखंडी कडी बसवलीय आणि ती ते खिळ्यात अडकवतात. मला म्हणाले, नर्सबाई, ज्या दिवशी हे फडकं दिसणार नाही त्या दिवशी तुमच्याच हातचं पाणी पिऊन मरेन, काळजी नसावी.

१५ मे, रविवार

सकाळी उठून फडकं बांधायला मला मनापासून आवडायला लागलंय. तीया चर्चला जाताना गाडीचा भोंगा दोनदा वाजवतात. पाहिलं गं, असा त्याचा अर्थ. नंतर दिवसभर कोणी भेटलं नाही तरी चालतं.

आज तीयोंनी या घराची हकिगत सांगितली. माझ्याआधी इथे त्रान्सितो नावाची बाई राहायची. कमालीची परोपकारी. कोणाचं अंगण झाडून ठेव, कोणाचे वाळलेले कपडे घडी करून ठेव, आणि सगळं न सांगता. एखादा आळशी फडकं बांधायला विसरला तर पहाटे ही जाऊन बांधून यायची, उगाच शेजाऱ्याला हेलपाटा नको म्हणून. दुहेरी गाठ, दोन्ही टोकं अगदी सारखी, शाळकरी पोरीच्या रिबिनीसारखी. शेवटी स्वतःचंही आदल्या संध्याकाळीच बांधून ठेवायला लागली, कोणाला त्रास नको म्हणून. दोन उन्हाळ्यांपूर्वी गेली. फडकं बाहेर होतं, त्यामुळे आठ दिवस कोणाला पत्ता नाही. उजाडल्यावरच बांधायचं, हा नियम तेव्हापासूनचा.

तीयो म्हणाले, असल्या भल्या माणसांपासून देव वाचवो. आम्ही दोघंही हसलो.

२ जून, गुरुवार

पारा एकशे सहा फॅरनहाइटवर. कूलर घरघरतो, पण वारा येतो तो ओल्या गोणपाटाच्या वासाचा. तीयो एलिसेओ रक्तदाब बघून घ्यायला दोन आठवडे आले नाहीत. माणूस हट्टी. जाता-येता फडकं दिसतं, म्हणून मी आत डोकावले नाही. आता कडी खिळ्यात न अडकवता गाठ मारायला लागलेत, चांगली दुहेरी. म्हटलं, कोणीतरी मदत करतंय वाटतं.

हे लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. (९ जूनला वाचतेय.)

९ जून, गुरुवार

गॅसचा सिलिंडर घेऊन गेलेल्या माणसाला वास आला. मला बोलावलं.

तीयो खुर्चीत होते. निदान दहा-बारा दिवस झाले असावेत. माझ्या कामाचाच भाग आहे हा, मला कळतं. बाजूला पेला उपडा पडलेला. आणि बाहेर खांबावर फडकं. आज सकाळीही होतं. मी आज सकाळी ते बघून पुढे गेले होते. रोज गेले.

पोलीस म्हणाला, म्हाताऱ्याने ते काढलंच नसेल, लटकत राहिलं असेल. पण संध्याकाळी परत येताना खांब रिकामा असायचा. असायचा ना? मी शपथ घेऊन सांगू शकत नाही. मी नीट बघितलंच नाही. माझं एवढंच एक काम होतं.

१२ जून, रविवार

तीयोंना पुरलं. इथल्या रीतीप्रमाणे माणसाचं फडकं त्याच्याबरोबर जातं. तीया क्लेओफासनी ते माझ्या हातात दिलं, तू ठेव म्हणाल्या, तुझा माणूस होता. मी ते पेटीवर पसरलं. भोक आणि कडी बरोबर मध्यभागी आली. वरून माती पडेपर्यंत मी तिथे उभी होते.

कोणी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

१७ जून, शुक्रवार

आज उठायला उशीर झाला. साडेआठला फडकं घेऊन बाहेर जाणार, तर ते खुंटीवर नव्हतं. बाहेर खांबावर होतं. बांधलेलं.

तीयांना विचारलं. त्या म्हणाल्या, मला माझी चप्पल सापडत नाही पोरी, तुझं फडकं कुठून बांधू? झोपेत बांधलं असशील.

दुहेरी गाठ होती. दोन्ही टोकं सारखी.

२१ जून, मंगळवार

परत. या वेळी फडकं उशीखाली घेऊन झोपले होते.

दवाखान्यातून जोलीनला फोन केला. तिला नुसतं एवढंच म्हटलं की इथे करमत नाही. ती म्हणाली, आई, गाव तूच निवडलंस ना. मग तिचं बाळ रडायला लागलं.

२३ जून, गुरुवार

तीयांच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. फडक्यावर भरवसा ठेवू नका, रोज सकाळी माझं दार वाजवा, अशी विनवणी केली. एलिसेओचं मनाला लावून घेतलंस म्हणाल्या. दोन दिवस येते म्हणाल्या.

२७ जून, सोमवार

आल्या दोन दिवस, कपाळावर आठ्या घेऊन. आज नाही आल्या. संध्याकाळी म्हणतात, फडकं दिसत होतं की! मग उन्हातान्हात माझी वरात कशाला काढतेस? गुडघे बघ माझे.

आज मी फडकं बांधलं नव्हतं.

३० जून, गुरुवार

फडकं जाळलं. चुलीत, माझ्या हाताने, राख होईपर्यंत काडीने ढवळत बसले. मग तीयांकडे जाऊन सांगितलं की आता माझ्याकडे फडकंच नाही, तेव्हा तुम्हाला रोज यावंच लागेल. खूप बडबडल्या. शहरातून वेड घेऊन आलीस म्हणाल्या. पण शेवटी म्हणाल्या, फडकं नाही म्हणजे मला यावंच लागणार, नियम तो नियम, तो मी बायबलसारखा पाळते.

जुलैअखेर राजीनामा देणार. तोवर एवढं झालं तरी पुरे.

१ जुलै, शुक्रवार, सकाळ

आल्या! नऊच्या ठोक्याला, जग घेऊन, शिव्या देत. मी त्यांना मिठीच मारली. चार तारखेच्या, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीसाठी उद्या बहिणीकडे चालल्यात. निघताना मला बघून जाणार, मग मंगळवारी परत. दवाखानाही मंगळवारीच उघडणार. रविवार-सोमवारी दुकानदाराला यायला सांगते म्हणाल्या.

कूलरमधून गरम वारा येतोय. आतलं गवत बदलायला हवं.

१ जुलै, दुपार

स्टूल सरकलं. झोपायच्या खोलीत, खिडकीखाली पडलेय. डावा पाय आखूड झालाय आणि बाहेर वळलाय. खुब्याचं हाड. शेकडो पाहिलेत असे. हलता येत नाही, एकदा प्रयत्न केला तर शुद्धच गेली.

वही आणि पेन्सिल पलंगावरून ओढून घेतली. कूलर बंद पडलाय. पाणी स्वयंपाकघरात.

ओरडले. घरं लांब. सगळे सुट्टीला गेलेत. तीयांना गाडीचा भोंगासुद्धा नीट ऐकू येत नाही.

घाबरायचं कारण नाही. उद्या नऊ. खांबावर फडकं नसणार. घरातच नाही. त्या येणार, जग घेऊन. नियम तो नियम.

२ जुलै, शनिवार

उजाडलं. ओठ फुटलेत. जीभ जड. इथून दारातून पुढची खोली दिसते, खिडकी दिसते, तिच्यापलीकडे खांब. पडदा पांढरा, विरळ. घड्याळ दिसतं.

आठ दहा. खांब रिकामा. देवा, रिकामाच राहू दे.

आठ तीस. तीया आता सामान भरत असतील. बडबडत असतील.

आठ चाळीस — ओसरीवर पावलं. आल्या! लवकर आल्या. हाक मारली. आवाज फुटत नाही. दार उघडेनात. पावलं खांबापाशी थांबली —

पडद्यावर सावली. बाईची. दोन्ही हात वर. बांधतेय —

नको. बाई, नको. मी मदत मागितली नाही. काढ ते —

पडदा लाल झाला. पूर्ण लाल. मधोमध उन्हाचा गोल ठिपका, रुपयाएवढा. भोकाचा. ते मी पुरलं होतं. माती पडेपर्यंत मी तिथे —

ठिपका आता हलत नाही. घट्ट बांधलं.

आठ पन्नास. गाडी. तीयांची गाडी. इथे येतेय. थांबा तीया, गाठ बघा, कडी बघा, नुसतं फडकं बघू नका, एकदा खाली उतरा —

भोंगा. एकदा

दोनदा