यातायात मित्राशी दगा

३ नोव्हेंबर
आज पोलीस ठाण्यात बोलावून मला ‘यातायात मित्र’, म्हणजे वाहतूक पोलिसांचा मदतनीस केलं. चमकणारं हिरवं जाकीट आणि शिट्टी मिळाली. आडदांडपणे गाडी हाकणाऱ्यांना वेसण घालायची पोलिसांची मोहीम आहे. पांढुर्णा-सौंसर रस्त्यानं रोज एवढे लोक जातात, पण निवड माझी. ट्रॅफिकच्या पूनम मॅडम हिंदीत म्हणाल्या, आम्हाला तुमच्यासारखेच लोक हवे होते. पारख आहे बाईला. घरी सांगितलं तर नलिनी फक्त बरं झालं म्हणाली. बायकोला नवऱ्याचं कौतुक करताच येत नाही.

४ नोव्हेंबर
संकल्प : साठच्या वर जायचं नाही.
सकाळी गाडी नव्वदवर गेली. नलिनीला डबे भरायला उशीर झाला. तिची शाळा आणि माझं ऑफिस, दोन्ही सौंसरला. वेळ भरून कोण काढणार? ती वाटभर देवाचं नाव घेत होती. तिच्या माहेरी, सावरगावला, सगळेच धार्मिक. संकल्प सोमवारपासून.

७ नोव्हेंबर
संत्र्याचा टेम्पो साइड देईना. यातायात मित्र म्हणून त्याला समज देणं भाग होतं. हॉर्न दाबून धरला, डावीकडून गाडी काढली, त्याच्यापुढे आडवी लावली, उतरून शिट्टी वाजवली. ड्रायव्हर कवडू म्हणे, काकाजी, तुमीच तं आडवे आले, माह्ये क्रेट पडले ना. उपकाराची जाण राहिलेली नाही. त्यात नलिनी उतरून त्याला संत्री वेचू लागली. भर रस्त्यात माझी बाजू सोडली.

१० नोव्हेंबर
यातायात मित्रांच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज. बोरगावजवळ एक सिल्व्हर कार सगळ्यांना कट मारते, खूप तक्रारी आहेत. संताप आला. मी रोज त्याच रस्त्यावर असतो, मला एकदाही दिसली नाही. भलतीच जोरात जात असणार. माणूस नक्की सावरगावचा. पोळ्यानंतरच्या गोटमारीत नदीपलीकडून आम्हा पांढुर्णावाल्यांना एक दिवस दगड मारून त्यांचं भागत नाही. नलिनी म्हणाली, सिल्व्हर तं आपलीबी आहे. सिल्व्हर गाड्या काय कमी आहेत?

१२ नोव्हेंबर
मॅडमना सुचवलं, बोरगावच्या वळणाआड स्पीड गन लावा, तिथं सगळे बेसावध असतात. त्यांना पटलं. आता सापडतो लेकाचा.

१३ नोव्हेंबर, दुपारी
दगा. वळणाआड मलाच थांबवलं. आता ती कार गाठायची तर वेग लागणारच. जाकीट दाखवलं. मॅडमनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. त्यातल्या सिल्व्हर कारचा नंबर माझा. लायसन्स जमा, तीन महिने गाडी बंद. मी म्हटलं, मग मला मित्र कशाला केलं? म्हणाल्या, ज्याच्या तक्रारी जास्त त्यालाच जाकीट देतो, अंगात घातलं की बहुतेक लोक सुधारतात. तुमचं नाव तर घरूनच आलं होतं. नलिनी खिडकीबाहेर बघत होती.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळी
विचारलं. तिनं नाकारलंसुद्धा नाही. म्हणाली, तुम्हाला सांगून सांगून थकली मी. शाळेत पोलीस या मोहिमेचं सांगायला आले तं मीच तुमचं नाव सांगितलं. रोज जीव मुठीत घेऊन बसून राहिली मी तुमच्या बाजूला. म्हटलं, पोलिसांचं तरी ऐकाल.
दुसऱ्या कुणी केलं असतं तर सोसलं असतं. जेवलो नाही. नंतर थोडी खिचडी खाल्ली.

१७ नोव्हेंबर
दोघंही बसनं सौंसरला. ड्रायव्हर बैलगाडी हाकल्यासारखा चालवत होता. उठून त्याला दोन शब्द सुनावणार होतो. पण जाम नदीचा पूल यायच्या आत नलिनी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. इतक्या वर्षांत माझ्या गाडीत ती एकदाही झोपली नाही, हे आज लक्षात आलं. फार लागलं मनाला. ड्रायव्हरला काही बोललो नाही. ती जागी झाली असती.