हिच्या सायकलचा मागचा दिवा

३ नोव्हेंबर, सोमवार

झालं! हिने सायकल घेतलीच. मला न विचारता!

हिचा दातांचा दवाखाना कालव्यापलीकडे हलला. आठ वर्षं ही त्या दवाखान्यात टेबलाशी बसून पेशंटांना नंबर देते. आमच्या घराकडून तिकडे बस नाही. माझी बस कालव्याच्या रस्त्यानेच जाते, पण ती सुटते भलत्याच टोकाहून. "अहो, पाच किलोमीटर काय ते! शाळेत असताना रोज जात होते." शाळेत असताना! आता पन्नाशी आली.

सव्वीस वर्षं बस चालवतोय मी. बसच्या काचेतून सायकलवाले कसे दिसतात ते मला विचारा. दिसतच नाहीत! अलीकडे तर फारच. एकदम चाकाजवळ उगवतात. आता त्यांत ही.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिली पाळी संपवून सायकलच्या दुकानात. दुकान एक बाई चालवतात — हाताला ग्रीस, कानामागे पेन्सिल. मी यादी पुढे केली. पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, आरसा, घंटी, भोंगा, चमकणारं जाकीट, कुलूप, मडगार्ड, टोपली, चेनचं कव्हर.

"सायकलला लावायचंय ना सगळं? की दुकानच हलवताय?"

मग एकेक सुनावलं. मडगार्ड हवंच, नाहीतर पाठीवर चिखलाचा पट्टा. चेनला कव्हर हवं, कपडे अडकतात. कुलूप स्वस्तातलं घेऊ नका. भोंगा कशाला, घंटी पुरे. "आणि दिवे चांगले घ्या. बाकी सगळी हौस."

मी काही ऐकलं नाही. भोंग्यासकट सगळं घेतलं. दिवे मात्र मधल्या भावातले घेतले, कारण माझंही डोकं कधीकधी चालत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

साडेसहापासून गॅलरीत उभा. पावणेसात. सात. सात वाजून पाच! गल्लीच्या तोंडाशी नजर लावून बसलो होतो आणि ही दिसलीच नाही — एकदम खाली फाटकाशी घंटी वाजली. "दिवा लावलाच आहे की," म्हणते. दिवा आहे की काजवा?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवे बदलून आणले. "खाली झुकवून लावा हं, समोरच्याचे डोळे दिपतात," बाई म्हणाल्या. दिपतात कसले! संध्याकाळी पुन्हा तेच. ही फाटकात येईपर्यंत पत्ता नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून पाना-पक्कड घेऊन बसलो. राहिलेलं सगळं जोडलं. पोरगी म्हणाली, "बाबा, नाकापेक्षा मोती जड झाला!" हिने जाकीट घालून आरशात बघितलं आणि दोघी पोट धरधरून हसल्या. मग माझ्यादेखत टोपली आणि भोंगा काढला. जाकीट पर्समध्ये राहील म्हणे. पर्समध्ये! पर्सला कोण धडकणार आहे?

त्या हसल्या. मला नाही हसू आलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आजपासून दुसरी पाळी. दिवस लहान झालेत, दुसऱ्या फेरीलाच अंधारून येतं. आणि गाडी कसली दिली मला! पुढचे दिवे आहेत की नाहीत तेच कळेना. पाळी संपल्यावर बिघाडाच्या वहीत पुन्हा एकदा लिहून सही केली — 'पुढचे दिवे मंद'. आमच्याकडे पद्धतच आहे ती. गाडीत जे बिघडलं ते चालकाने लिहायचं, फिटरने बघायचं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

फिटर म्हणतो, "दिवे तपासले. ठणठणीत आहेत. दरवेळी तुम्हालाच कशी हो मंद गाडी मिळते?"

बाकीचे आळशी. लिहीत नाहीत, म्हणून!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज थोडक्यात निभावलं.

कालव्याच्या रस्त्यावर, नुकतं अंधारलेलं. समोर काही नव्हतं. काही म्हणजे काही नव्हतं! आणि एकदम डाव्या आरशाशी कुणीतरी. सायकल. करकचून ब्रेक दाबला. बसमधली माणसं एकमेकांवर आदळली. सायकलवाला कडेच्या गवतात पडला होता. खिडकीतून ओरडलो, "दिवा लाव की रे बाबा! मरायचंय का?" तो उठला. काळोखात नुसती आकृती. सायकल उचलली आणि वळूनही न बघता चालायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, लाल दिवा तर दिसत होता. लोकांना काय, जिभेला हाड नाही.

एक हात राहिला असेल मध्ये. फार तर.

घरी येऊन तावातावाने सगळं सांगितलं. म्हटलं, असल्या लोकांना रस्त्यावर येऊच देऊ नये. ही कोपर पाण्याने धूत होती. सोललंय. विचारलं तर म्हणे, कपाटाचा कोपरा लागला. वर मलाच विचारते, "तुम्हाला दिसलाच नाही तो? अजिबात?"

दिवाच नव्हता तर दिसणार काय, कप्पाळ!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वहीत पुन्हा — 'दिवे मंद'. हिच्यासाठी आणखी मोठा दिवा बघायला हवा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाळीवर जायच्या आधी दुकानात गेलो. बाईंनी सगळ्यात मोठा लाल दिवा काढला, शटर अर्धं ओढलं आणि आतल्या अंधारात पेटवून दाखवला. बारीक ठिपका. म्हटलं, हा पण मंदच. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी स्वतः डोळ्यांवर हात आडवा धरला होता.

"साहेब, दिव्यांचं सोडा. एकदा डोळे दाखवून या."

ताडकन निघून आलो. डोळे? माझे? सव्वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही! दरवर्षी डेपोत डोळ्यांची तपासणी होते. सकाळी दहा वाजता, लख्ख उजेडात. फळ्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचतो.

सकाळी दहा वाजता.

नको तो विचार.

१६ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी ही म्हणाली, "चला, एकदाच बघू या. मी गल्लीच्या टोकाकडून येते. दिवा दिसला की हात वर करा."

फाटकात उभा राहिलो. पोरगी शेजारी. वाट बघतोय, बघतोय. म्हटलं, निघाली नाही का तुझी आई अजून?

पोरगी हळूच म्हणाली, "बाबा, आई कधीची निघालीय. आता टाकीपाशी आहे." थोड्या वेळाने, "आता इस्त्रीवाल्यापाशी." मी डोळे ताणताणून बघतोय. सगळीकडे सारखा काळोख. "बाबा, आता समोर आहे."

तेव्हा दिसली. दहा पावलांवर.

पोरीने माझा हात धरला. मी सोडवून घेतला. म्हटलं, दिवा भिकार आहे, दुसरं काय! हिने सायकल आत घेतली, पोरीने फाटक लावलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

भीती वाटते. हिच्यासाठी वाटत होती तेव्हा बरं होतं, काहीतरी विकत तरी आणता येत होतं. रिटायर व्हायला तीन वर्षं आहेत. बस नाही तर मी करणार काय? पहिली पाळीच मागून घेतली तर? उजेडात सगळं दिसतं मला. कुणाला कळणारसुद्धा नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल झोपायच्या आधी हिने सांगितलं. गुरुवारी गवतात पडलेला सायकलवाला — ती ही होती. दोन्ही दिवे चालू होते. माझा आवाज लगेच ओळखला. "मी वळले असते तर तुम्ही गाडी पुढे नेऊ शकला नसता. आत माणसं होती."

सकाळी डेपोत गेलो. किल्ली घेतली नाही. बिघाडाची वही मागितली आणि लिहिलं — 'गाडी ठीक. दिवे ठीक. चालकाला अंधारात दिसत नाही.' खाली सही केली.